काळ्या कापडाची टीप

‘पडदा’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि आपल्या घरांत, रंगभूमीवर आणि रीतिरिवाजांत कायमचा स्थिरावला. दाराखिडकीवरचा पडदा आपण दोन कारणांसाठी लावतो : बाहेरचे ऊन आत येऊ नये आणि बाहेरची नजर आत पोहोचू नये. दोन्ही कारणांत घर हे आश्रयस्थान असते आणि उपद्रव बाहेरून येणारा असतो. विसाव्या शतकात मात्र असा एक पडदा घरोघरी शिवला गेला, ज्याचा हेतू नेमका उलटा होता. आतला उजेड बाहेर जाऊ नये म्हणून तो टांगला जात होता. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या या ‘ब्लॅकआउट’च्या पडद्याकडे युद्धेतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. साहित्याच्या अभ्यासकाने तरी ते द्यावे, असे मला वाटते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी सूर्यास्तापासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला. युद्धाची घोषणा ३ सप्टेंबरची. म्हणजे सामान्य नागरिकाच्या घरात युद्ध दोन दिवस आधीच शिरले होते, आणि तेही खिडकीवाटे. तयारी त्याआधीच सुरू झाली होती. जुलै १९३९ मध्ये सरकारने घरोघरी पाठवलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माहितीपत्रकात दोन विषय एकत्र होते : गॅसचा मुखवटा कसा वापरावा आणि खिडक्या कशा झाकाव्यात. मुखवटे सरकारने वाटले. खिडक्या झाकण्याचे काम मात्र ज्याचे त्याने करायचे होते. कायदा शासनाचा, पण त्याची अंमलबजावणी शिवणयंत्रावर बसलेल्या गृहिणीची, अशी ही विभागणी होती.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. समजा, खिडकी तीन फूट रुंद आणि पाच फूट उंच आहे. कडेने प्रकाशाची रेघ फुटू नये म्हणून कापड चारही बाजूंनी सहा इंच तरी पुढे आले पाहिजे. म्हणजे चार फूट रुंद आणि सहा फूट लांब पडदा हवा. कापडाचा पन्हा तीन फुटांचा असेल तर दोन पट्टे जोडावे लागणार. एका खिडकीला चार वार, आणि सहा खिडक्यांच्या लहानशा घराला चोवीस वार कापड लागणार. ते दाट विणीचे आणि गर्द रंगाचे हवे, कारण विरळ कापड दिव्यासमोर धरले की जाळीसारखे दिसते. जोडाची शिवणही दुमडून, दोनदा टीप घालून पक्की करावी लागे. नाहीतर सुईच्या भोकांतून उजेड झिरपणार. वर लाकडी पट्टी ठोकायची, खाली वजनासाठी दुसरी पट्टी घालायची, आणि गुंडाळता येणारा पडदा असेल तर दोन्ही बाजूंना चौकटीवर आणखी पट्ट्या लावून फटी बुजवायच्या. ज्यांना कापड परवडत नव्हते, त्यांनी लाकडी चौकटींवर काळा कागद ताणून बसवला किंवा घोंगड्या टांगल्या. पडदे धुऊ नयेत, असाही सरकारी सल्ला होता. धुतल्याने कापडातून उजेड जाऊ लागतो, म्हणून ते झटकून, ब्रशने साफ करून त्यांवर इस्त्री फिरवावी. इतक्या बारकाव्याने राज्यसंस्था घरातल्या कापडाविषयी बोलू लागली होती.

शिवून टांगला की काम संपले, असेही नव्हते. दररोज संध्याकाळी घरातली प्रत्येक खिडकी झाकायची आणि सकाळी उघडायची. काळवंडलेल्या बंद खोलीत हवा कोंडे. उन्हाळ्यात तर ते असह्य होई. बाहेर हवाई हल्ला संरक्षण दलाचा वॉर्डन फिरत असे आणि एखादी फट दिसली की दिवा मालवण्याची हाक देई. चूक गंभीर असेल तर न्यायालयात दंड होई. शेजाऱ्याच्या खिडकीकडे पाहणे एरवी असभ्यपणाचे; आता ते नागरी कर्तव्य ठरले. १७ सप्टेंबर १९४४ रोजी निर्बंध शिथिल होईपर्यंत हा क्रम सुमारे १,८४० रात्री चालला.

या पडद्याची किंमत केवळ वारांत मोजता येत नाही. रस्त्यावरचे दिवे बंद, वाहनांचे दिवे झाकलेले आणि खिडक्या काळ्या, अशा अवस्थेत सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर १,१३० माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या वर्षी त्याच महिन्यात हा आकडा ५५४ होता. लंडनवरील सलग बॉम्बहल्ल्यांना ७ सप्टेंबर १९४० रोजी सुरुवात झाली. म्हणजे पहिले वर्षभर लंडनकरांसाठी शत्रूच्या विमानापेक्षा काळोखच अधिक घातक होता.

मग हे पडदे व्यर्थ होते काय? प्रश्न टाळण्याजोगा नाही. १९४० मध्ये जर्मन वैमानिक रेडिओ-लहरींच्या साह्याने लक्ष्याकडे मार्ग काढू लागले होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर झालेला हल्ला तर लख्ख चांदण्यात झाला. चंद्रावर पडदा टाकता येत नाही. एलिझाबेथ बोवेन यांची ‘मिस्टीरियस कोर’ ही कथा (‘द डीमन लव्हर’ या १९४५ च्या संग्रहातील) याच विसंगतीवर उभी आहे : पूर्ण चंद्राच्या प्रकाशात लंडन इतके उघडे पडले आहे, की माणसांनी कष्टाने निर्माण केलेला अंधार हास्यास्पद ठरतो. बोवेन स्वतः युद्धकाळात लंडनमध्ये वॉर्डन म्हणून काम करत होत्या, हे ध्यानात घेतले की त्या चांदण्याचा विखार अधिक जाणवतो. आणि १९४४ मध्ये निर्बंध सैल झाले तेव्हा चांदण्याएवढ्या उजेडाची परवानगी देण्यात आली, हा इतिहासाचाच एक उपरोध.

तरीही ‘व्यर्थ’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. अंधारामुळे वैमानिकाला नेमका नेम धरणे काही प्रमाणात अवघड होत होते, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे असे, की एका घरातली फट साऱ्या गल्लीला धोक्याची, ही जाणीव या कापडाने रोज संध्याकाळी नव्याने शिवली. त्यात परस्परांविषयीची जबाबदारी होती आणि परस्परांवरची पाळतही. या दोहोंपैकी एकच बाजू सांगणारा इतिहास एकतर गौरवगाथा होतो किंवा तक्रारअर्ज.

या कापडाला उत्तरायुष्यही लाभले. १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर कूपनांचे नियंत्रण आले. पडद्याचे काळे कापड मात्र त्यातून वगळलेले होते. साहजिकच अनेक स्त्रियांनी त्याचे घागरे आणि परकर शिवले. राज्याने अंधारासाठी राखून ठेवलेली वस्तू त्यांनी शांतपणे स्वतःच्या उपयोगात आणली.

मराठी वाचकाला ब्लॅकआउट सर्वस्वी परका नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईकरांनी खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवले होते आणि मोटारींचे दिवे अर्धे काळे केले होते. मे २०२५ मध्ये देशात ठिकठिकाणी झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावांत दिवे मालवण्याचाही समावेश होता. पण १९७१ चे युद्ध १३ दिवसांत संपले. कागद खळीने चिकटवता येतो आणि ओल्या फडक्याने काढताही येतो. पाच वर्षांच्या अंधारासाठी मात्र कापड बेतावे लागते, शिवावे लागते आणि त्याच्यासह राहायला शिकावे लागते. आपल्याकडे ब्लॅकआउट ही मुख्यतः एक आठवण राहिली. तिथे ती घराची रीत झाली होती.

म्हणूनच त्या काळातील इंग्रजी कथा-कादंबऱ्या वर्गात शिकवताना एका साध्या वाक्याशी थोडे थांबावे. एखादे पात्र संध्याकाळी उठून पडदे ओढून घेते, असे लेखक लिहितो आणि आपण ते वातावरणनिर्मिती समजून पुढे जातो. पण त्या क्षणी ते पात्र कायदा पाळत असते, शेजाऱ्याचा जीव राखत असते, खोलीतली हवा कोंडून घेत असते. आणि तो पडदा कोणीतरी दिव्याखाली बसून, डोळे ताणून शिवलेला असतो. त्या शिवणाऱ्या हातांचे नाव कोणत्याही स्मारकावर कोरलेले दिसत नाही. त्यांनी घातलेली टीप इतिहासात फार तर तळटीप म्हणून उरली आहे. ती वाचण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावू शकलो, तर साहित्याच्या अध्यापनाने इतिहासाचे एक जुने देणे थोडेसे फेडले असे होईल.