‘नांदायला ये’ची नोटीस आणि रखमाबाईंचे वकील

खुलताबाद तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्जाचा अर्ज असे कागद तर निघतातच. पण कधी कधी एखादी बाई पदराआडून वेगळाच कागद काढते. तो कोर्टाचा असतो. बेलिफाने आणून दिलेला, घडी पडून पडून फाटायला आलेला. त्यात लिहिलेलं असतं की, तू नवऱ्याच्या घरी नांदायला येत नाहीस, म्हणून नवऱ्याने दावा केला आहे, अमुक तारखेला हजर राहा. मग घरातले म्हणतात, “गेली नाहीस तर पोलीस उचलून नेतील.” कुणी म्हणतं, “कोर्टाने सांगितलं म्हणजे संपलं, आता वर कुठे जाणार?”

या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. त्या खऱ्या का नाहीत हे समजायचं तर एकशे चाळीस वर्षं मागे, मुंबईच्या हायकोर्टात जावं लागतं. तिथे एका सुतार कुटुंबातल्या मुलीचा खटला उभा होता आणि तिच्या बाजूच्या वकिलांत एक मराठी वकील होता. आज त्या खटल्याची आणि त्या वकिलाची गोष्ट सांगतो.

मुलीचं नाव रखमाबाई. जन्म 1864 चा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या काळाच्या रीतीप्रमाणे रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लागलं. पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आईजवळ, सावत्र वडिलांच्या घरी राहिल्या, वाचायला शिकल्या, जाणत्या झाल्या. नवऱ्याची परिस्थिती आणि राहणी पाहून त्यांनी ठरवलं की, या माणसाबरोबर संसार करायचा नाही. 1884 साली दादाजींनी हायकोर्टात दावा लावला. मागणी एकच होती, बायको माझ्या ताब्यात द्या.

रखमाबाईंच्या बाजूने सरकारचे ॲडव्होकेट जनरल लॅथम यांच्यासोबत उभे राहिले काशिनाथ त्र्यंबक तेलंग. तेलंगांचा जन्म मुंबईतला, 1850 चा. 1872 साली ते हायकोर्टात वकिली करू लागले. त्या वेळी हायकोर्टात इंग्रज बॅरिस्टरांचा दबदबा होता. तेलंगांची ताकद वेगळी होती. त्यांचं संस्कृत पक्कं होतं. भगवद्गीतेचं त्यांनी इंग्रजीत भाषांतर केलेलं होतं. वाटणी, दत्तक, वारसा, स्त्रीधन असे घरातले तंटे कोर्टात आले की धर्मशास्त्राचा आधार दिला जायचा. इंग्रज न्यायाधीश भाषांतरावर अवलंबून असत. तेलंग मूळ ग्रंथच उघडून सांगू शकत. घरगुती कायद्यातला जाणकार वकील म्हणून त्यांचं नाव झालं ते असं.

दादाजींच्या दाव्याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो ‘हक्क परत मिळवून देणं’. हा दावा आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून आला आणि इंग्रजांबरोबर इथे पोचला. पहिला निकाल न्यायमूर्ती पिन्हे यांनी 21 सप्टेंबर 1885 ला दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. परत मिळवायचं म्हणजे आधी ते जवळ असायला हवं. ही दोघं कधी एकत्र राहिलीच नाहीत, मग परत काय द्यायचं? मनाविरुद्ध एका बाईला पुरुषाच्या हवाली करायला कायदा मला भाग पाडत नाही, असं मानून त्यांनी दावा फेटाळला. रखमाबाई जिंकल्या.

मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपली असती तर आज सांगायला फार काही उरलं नसतं. दादाजींनी अपील केलं. अपील म्हणजे खालच्या न्यायाधीशाचा निकाल वरच्या न्यायाधीशांनी पुन्हा तपासणं. तिथे बहुतेक वेळा नवे साक्षीदार येत नाहीत, नवी कहाणी सांगता येत नाही. जे कागदावर आलं आहे, त्यावरच वाद होतो. कायदा नीट लावला का, पुरावा नीट वाचला का, एवढंच बघितलं जातं. म्हणून अपिलाचं काम करणाऱ्या वकिलाचं वाचन दांडगं लागतं.

1886 साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांच्यासमोर अपील चाललं. लॅथम आणि तेलंग पुन्हा रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. पण या वेळी निकाल उलटला. वरच्या न्यायाधीशांनी म्हटलं की हिंदू नवरा-बायकोतले असे दावे कोर्ट चालवत आलेलं आहे. लग्न लागलं की हक्क तयार होतो, आधी एकत्र राहिलेच पाहिजे असं नाही. पिन्हे यांचा निकाल रद्द झाला आणि खटला पुन्हा चालवायला खाली आला. 4 मार्च 1887 ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावं, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावं.

रखमाबाईंनी सांगितलं, मी तुरुंगात जाईन.

या एका वाक्याने मुंबईपासून लंडनपर्यंत वर्तमानपत्रं पेटली. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. सुधारक मंडळी त्यांच्या बाजूने होती. रखमाबाईंनी स्वतः त्याआधीच, 1885 मध्ये, ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रं लिहून बालविवाहाने बाईचं काय होतं ते मांडलं होतं. खर्च भागवायला बचाव समिती उभी राहिली. शेवटी जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकुमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोट इथे कित्येक वर्षं बायकांच्या दवाखान्यात काम केलं.

आता तेलंगांबद्दल एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नव्हे. ज्या 1886 साली हे अपील चाललं, त्याच साली त्यांनी मुंबईत एक व्याख्यान दिलं. समाजसुधारणा आधी की राजकीय सुधारणा, असा विषय होता. त्यांनी सांगितलं की सुधारणेची गाडी जिथे कमी अडेल तिथून आधी न्यावी, समाजसुधारणा पहिलीच हवी असं नाही. पुढे त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न लहान वयात झालं, तेव्हा सुधारकांनी त्यांच्यावर टीका केली. बालविवाहातून सुटू पाहणाऱ्या मुलीसाठी कोर्टात उभा राहिलेला वकील घरात मात्र रूढीपुढे वाकला. आम्हाला हे वाचून राग येतो, आणि ओळखीचंही वाटतं. गटात भाषण करणारे घरी गेल्यावर काय करतात, ते आपण सगळ्या बघतोच. तरी त्या खटल्यात त्यांनी केलेलं काम खोटं ठरत नाही. तेलंग 1889 साली हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, 1892 साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1 सप्टेंबर 1893 ला, त्रेचाळीस वर्षांचे असताना वारले.

रखमाबाई हरल्या, मग त्या खटल्याने मिळवलं काय? एक तर तुरुंगाची भीती किती अघोरी आहे ते सगळ्यांना दिसलं. पुढे 1923 साली कायदा बदलला आणि ‘नांदायला जात नाही’ म्हणून कुणालाही तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली गेली. दावा मात्र राहिला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये तो आजही आहे, आणि नवरा-बायको दोघांनाही तो लावता येतो. 1983 साली आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनेच्या विरुद्ध ठरवलं होतं, पण 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

म्हणून तो घडी पडलेला कागद आला तर काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हे पाठ असू द्या. हुकूम झाला तरी पोलीस हात धरून सासरी नेऊ शकत नाहीत. तुरुंग नाही. फार तर नावावरच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. पण गप्प बसण्याचे दोन मोठे तोटे आहेत. हुकूम होऊन एक वर्ष गेलं आणि एकत्र राहणं झालं नाही, तर त्याच कारणावर घटस्फोट मागता येतो. शिवाय ‘कारण नसताना नांदत नाही’ असं म्हणून खावटी अडवायचा प्रयत्न होतो. म्हणून तारखेला हजर राहा. घर सोडण्यामागचं कारण सांगा. मारहाण असेल तर दवाखान्याचा कागद, तक्रारीची पोच, शेजारणीची साक्ष हे सगळं पहिल्याच कोर्टात पुढे ठेवा. अपिलात ते नव्याने घालणं फार अवघड असतं, हे आपण वर पाहिलंच. न कळवता एकतर्फी हुकूम झाला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठीही अर्ज करता येतो.

खावटीच्या मुद्द्यावर 10 जानेवारी 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आपल्या कामाचा आहे. झारखंडमधल्या एका बाईविरुद्ध नांदायला जाण्याचा हुकूम झाला होता. कुटुंब न्यायालयाने तिला महिना दहा हजार खावटी दिली. हायकोर्टाने ती काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली आणि सांगितलं की, नांदायचा हुकूम पाळला नाही एवढ्यावरूनच खावटी नाकारता येणार नाही. न जाण्यामागे योग्य कारण होतं का, ते बघावं लागेल. खाली जिंकली, मध्ये हरली, वर जिंकली. रखमाबाईंच्या खटल्यात उलटं झालं होतं.

आमच्या मुस्लिम बहिणींसाठीही एक निकाल सांगायला हवा, आणि तो आपल्या शेजारचा आहे. 2002 साली मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायाधीशांच्या पूर्णपीठाने ठरवलं की, खावटीच्या दाव्यात नवऱ्याने नुसतं ‘मी तलाक दिला आहे’ असं लिहून दिलं म्हणजे तलाक होत नाही. कारण काय होतं, दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केला का, तलाक खरंच कसा दिला, हे त्याला पुराव्याने दाखवावं लागतं.

हे खंडपीठ आपल्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, ही गोष्ट आपल्या आज्यांना नशिबात नव्हती. निजामाच्या राज्यात इथलं अपील हैदराबादला जायचं. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि अपील मुंबईला जाऊ लागलं. एका तारखेसाठी रात्रभराचा प्रवास, सोबतीला एक पुरुष माणूस, दोघांचं खाणंपिणं आणि बुडालेली मजुरी. हक्क कागदावर होता, पण वाट परवडत नव्हती. 27 ऑगस्ट 1981 ला औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं, तेव्हा मराठवाड्याच्या बाईसाठी अपील खरोखर हाताशी आलं.

पैशाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. रखमाबाईंना बचाव समिती लागली. आपल्यासाठी 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्यात बाईला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे, जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे किंवा खंडपीठातल्या समितीकडे अर्ज केला की फुकट वकील मिळू शकतो, अपिलासाठीसुद्धा.

आणि मुदत सांभाळा. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस आहेत. इतर निकालांच्या मुदती वेगळ्या आहेत, आणि अपील जिल्हा न्यायालयात जाणार की खंडपीठात, हे निकाल कुठल्या कोर्टाचा आहे त्यावर ठरतं. म्हणून निकालाच्या दिवशीच वकिलाला दोन गोष्टी विचारा. अपील कुठे, आणि किती दिवसांत. त्याच दिवशी सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज द्या. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण नोटीस येते तेव्हा ती पायरी दुसऱ्याने आपल्यासाठी ठरवलेली असते. अशा वेळी एकटीने जाऊ नका. गटाच्या पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी असा कागद आला असेल, त्यांनी तो संकोच न करता घेऊन यावा. आपण आधी त्यावरची तारीख वाचू, नाव आणि कलम बघू, आणि दोघी-तिघी मिळून विधी सेवेच्या कार्यालयात जाऊ.