होल्बर्ग : प्राध्यापकाने लिहिलेली प्रहसनं

मंडळी, आज आपण लुडविग होल्बर्गकडे वळू. जन्म 1684 चा, नॉर्वेतल्या बर्गेनचा. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाखाली होतं, त्यामुळे त्याची कारकीर्द घडली कोपनहेगनला. 1717 मध्ये तो तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. विषय मिळाला तत्त्वमीमांसेचा, जो त्याला मुळीच आवडत नव्हता!

त्या काळी विद्वान लॅटिनमध्ये लिहीत, दरबारात जर्मन आणि फ्रेंच चाले. डॅनिश ही घरातली, बाजारातली भाषा. होल्बर्गने तिच्यात ‘पेडर पार्स’ हे विडंबनकाव्य लिहिलं, तेही टोपणनावाने. मग 1722 च्या सप्टेंबरात कोपनहेगनला डॅनिश रंगभूमी सुरू झाली. पहिला खेळ मोलिएरच्या ‘कंजूष’चा, भाषांतरित. लगेच पाठोपाठ होल्बर्गचं स्वतःचं नाटक आलं. त्यात कथलाची भांडी घडवणारा एक कारागीर धंदा सोडून राजकारणाच्या गप्पा झोडतो. लोक थट्टेने त्याला सांगतात, तू नगराध्यक्ष झालास. कारभाराचं ओझं कळल्यावर गडी मुकाट्याने आपल्या धंद्याकडे परततो.

पुढच्या पाचेक वर्षांत होल्बर्गने पंचवीसच्या वर प्रहसनं लिहिली. आपल्याला त्यातलं ‘एरास्मुस मोंतानुस’ महत्त्वाचं वाटतं. रास्मुस बर्ग हा शेतकऱ्याचा पोरगा शिकून गावी येतो, नाव लॅटिन करून घेतो आणि आपली आई दगड आहे हे तर्काने सिद्ध करून दाखवतो. पृथ्वी गोल आहे, हेही तोच सांगतो. गाव चिडतं. शेवटी सैन्यातून सुटका व्हावी म्हणून त्याला पृथ्वी सपाट असल्याचं कबूल करावं लागतं. आता हसायचं कुणाला? पोरगा गर्विष्ठ आहे, पण बरोबर आहे. गाव अडाणी आहे, पण जिंकतं. होल्बर्ग दोघांनाही सोडत नाही.

नाटक कंपनी मात्र कर्जात बुडाली. 1727 मध्ये त्यानेच डॅनिश प्रहसनाच्या अंत्ययात्रेचं नाटक लिहून दिलं. 1728 मध्ये शहराला मोठी आग लागली. त्यानंतर धर्मनिष्ठ सहाव्या क्रिस्तियानच्या राज्यात रंगभूमी बंदच राहिली. होल्बर्ग इतिहासाकडे वळला. 1741 मध्ये त्याने ‘नील्स क्लिम’ ही भूगर्भप्रवासाची कादंबरी लिहिली, ती लॅटिनमध्ये, आणि छापली परदेशात, लाइपझिगला. ज्याने डॅनिशला रंगमंचावर आणलं, त्याच्यावर ही वेळ आली!

1746 मध्ये नवा राजा आला, नाटकं परत सुरू झाली. 1754 मध्ये होल्बर्ग वारला, तोवर त्याची पात्रं पुन्हा रंगमंचावर डॅनिश बोलू लागली होती. भाषेला प्रतिष्ठा व्याकरणाने मिळते तशी हशानेही मिळते, ती अशी.