मोत माउलीची वाट

वांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउली, म्हणजे माउंट मेरीचं चर्च, एका दिवसात सहज गाठता येते. पूर्वी मात्र मुंबई बेटावरच्या भाविकांना माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात तो जिवाशी खेळच असे.

लेडी जमशेटजी, म्हणजे अवाबाई, यांच्या देणगीतून १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला. त्यांनी मेरीमातेला नवस केला होता, अशी आख्यायिका सांगतात. नवसाचं खरं असो वा नसो, एका पारशी बाईच्या पैशानं ही वाट सुकर झाली हे नक्की. पुढे रेल्वेही आली.

देऊळही तेच राहिलं नाही. अठराव्या शतकात मराठा-पोर्तुगीज युद्धाच्या धामधुमीत जुनं चर्च उद्ध्वस्त झालं, १७६१च्या सुमारास पुन्हा बांधलं गेलं. आजची इमारत १९०४ची.

८ सप्टेंबरच्या मेरीजन्मानंतर भरणाऱ्या जत्रेत सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. दुखऱ्या हातापायाच्या आकाराच्या मेणबत्त्या, मेणाची घरं, बाळं अर्पण करतात. नवसाची ही रीत हिंदू भाविकालाही परकी वाटत नाही.

चार-पाच जणांनी निवांत जायचं असेल, तर जत्रेचा आठवडा टाळावा.