वाढीचे दुखणे : नाव चुकले, उपाय नाही

रात्री "आजी, पाय दुखतायत" म्हणून नातवंड उठून बसले नाही असे घर विरळाच. आपले उत्तर ठरलेले : "वाढतोयस ना बाळा, म्हणून."

हा समज आपल्यापुरताच नाही बरं का. १८२३ साली ड्यूशाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी वाढीच्या वयातल्या आजारांवर लिहिताना हे नाव दिले, आणि ते चिकटले. पुढे मात्र या दुखण्याची धास्ती बसली. हृदयाच्या झडपा निकामी करणाऱ्या संधिवाताच्या तापाची ही सुरुवात तर नव्हे, असे डॉक्टरांनाच वाटू लागले. हे दुखणे त्या तापापासून वेगळे आहे, असे हॉक्सली यांनी १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये दाखवले, तेव्हा कुठे कित्येक आयांचा जीव भांड्यात पडला असेल!

गंमत म्हणजे मूल सर्वांत झपाट्याने वाढते ते पहिल्या वर्षी आणि वयात येताना. हे दुखणे येते तीन ते बाराच्या दरम्यान. म्हणजे नावच चुकीचे. खरे कारण अजून पक्के ठरलेले नाही.

उपाय मात्र जुनाच : पोटऱ्या-मांड्या चोळणे, शेक देणे. १९८८च्या एका छोट्या अभ्यासात आईवडिलांनी रोज मुलांच्या पायांचे स्नायू हलके ताणून दिले, तर दुखणे लवकर थांबले.

एवढे मात्र पाहा : एकच पाय सतत दुखणे, सूज, ताप, सकाळी लंगडणे यांपैकी काही दिसले, तर "वाढतोय" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. बाकी रात्री आजीचा हात पुरे.