काळ्या पाण्याचे प्रवासी

साष्टीच्या वायव्य टोंकाला, उत्तनच्या जवळ, चौक नांवाचें गांव समुद्रास लागून आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें येथील धारावीचा किल्ला जिंकला, एवढेंच त्याचें नांव इतिहासांत येतें. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना समुद्र हा अन्नदाता. देशावरचा माणूस मात्र त्याच समुद्राला काळें पाणी म्हणून भीत असे. या भीतीचा उपयोग पुढें इंग्रजांनीं शिक्षेसाठीं करून घेतला.

१७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे आली. पण मुंबई बेट व साष्टी यांना त्यांनीं एकच कायदा लावला नाहीं. माहीमची खाडी ही न्यायाचीहि सीमा ठरली. चौकच्या चोराचा निवाडा ठाण्याच्या अदालतींत कंपनीच्या नियमांप्रमाणें व्हावयाचा. तोच चोर मुंबईच्या बाजारांत सांपडला, तर १८२४ पासून सुप्रीम कोर्टांत त्याच्यापुढें इंग्लंडचा फौजदारी कायदा उभा राही. आणि हा कायदा लहानथोर पाहणारा नव्हता. सात वर्षांच्या आंतील मुलास तो गुन्हेगार मानीत नसे. त्यापुढील मुलास बरेंवाईट कळतें असें दिसलें, कीं झालें.

त्या कायद्याचें रूप लंडनच्या एका खटल्यांत स्पष्ट दिसतें. १७८३ च्या डिसेंबरांत जॉन हडसन नांवाचा पोर ओल्ड बेली न्यायालयांत उभा होता. वय नववें, आईबाप मेलेले, धंदा कधींमधीं धुराडीं झाडण्याचा. एक सदरा, पांच रेशमी मोजे, एक पिस्तूल व दोन एप्रन चोरल्याचा त्याच्यावर आरोप. शिक्षा झाली सात वर्षें हद्दपारीची! चार वर्षें गलबतांत व तुरुंगांत काढून तो १७८८ सालीं ऑस्ट्रेलियास पोहोंचला, तेव्हां तेरा वर्षांचा होता. पुढें नॉरफोक बेटावर, रात्रीं नऊनंतर झोपडीबाहेर सांपडला म्हणून त्याला पन्नास फटके बसले.

मुंबईच्या कैद्यांची वाट निराळी, पण रीत तीच. १८१० सालीं इंग्रजांनीं मॉरिशस बेट घेतलें. तेथें रस्ते हवे होते आणि मजूर मिळत नव्हते. गव्हर्नर फार्कर यांनीं हिंदुस्थानचे कैदी मागितले. १८१५ पासून १८३७ पर्यंत बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारें दीड हजार माणसें तिकडे गेलीं. चोरी केवढी, यापेक्षां खडी फोडावयास हात किती हवेत, हाच प्रश्न मोठा होता, असें म्हणणें भाग आहे. १८३६ सालीं चार्लस डार्विन तेथें उतरला. या कैद्यांचे भारदस्त चेहरे, त्यांची स्वच्छता आणि परक्या भूमींत सांभाळलेला आचारधर्म पाहून तो चकित झाला. न्यू साउथ वेल्समधील गोऱ्या कैद्यांकडे पाहावें त्या दृष्टीनें यांच्याकडे पाहवत नाहीं, असें त्यानें नमूद केलें आहे. कांहींचे अपराध तर नीतीच्या दृष्टीनें अपराधच नव्हते, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें.

गंमत अशी, कीं इकडचे कैदी तिकडे जात असतां तिकडचे इकडे येत होते. पेनांग-सिंगापूरकडील चिनी व मलायी कैदी महाबळेश्वरीं आणून ठेवले होते. त्यांनीं तेथें भाजीपाला पिकविला, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ सालीं तो तुरुंग मोडला. ज्या धबधब्याच्या माथ्यावर त्यांचे मळे होते, त्याला साहेबलोक 'चायनामन्स फॉल' म्हणूं लागले. सातासमुद्रापलीकडून आलेल्या त्या माणसांनाहि हा सह्याद्रि काळ्या पाण्यापलीकडचाच मुलूख होता.

मुलांसाठीं वेगळा विचार सुरू झाला तो १८५० च्या सुमारास. त्या सालच्या कायद्यानें लहानसहान अपराध करणाऱ्या मुलांस धंदा शिकण्यासाठीं उमेदवार म्हणून ठेवण्याची मुभा दंडाधिकाऱ्यांना मिळाली. १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या देणगीनें मुंबईंत त्यांच्यासाठीं सुधारगृह निघालें. हडसनच्या खटल्याला तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षें झालीं होतीं. मोठ्यांचें काळें पाणी मात्र थांबलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, १० मार्च १८५८ रोजीं, दोनशे कैद्यांची पहिली टोळी अंदमानास उतरली. हद्दपारीची ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकांतून गेली ती १९५५ सालीं.