मोटारीचें वय आणि गृहस्थाचा निर्णय



घरांतील लहान मोटार किती वर्षें ठेवावी आणि ती केव्हां बदलावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ खासगी हिशेबाचा वाटतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत राहणारा गृहस्थ तो रविवारीं सकाळीं चहा घेतां घेतां घरच्या मंडळींशीं बोलून सोडवितो, असा आपला समज असतो. परंतु मुंबईचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे असें दिसून येतें कीं, हा निर्णय गृहस्थानें एकट्यानें क्वचितच घेतला आहे. कधीं तो सरकारच्या नियंत्रणानें घेतला, कधीं कारखानदारानें, कधीं पावसानें, तर कधीं न्यायासनानें. या इतिहासाची थोडी ओळख करून देण्याचा आज माझा विचार आहे. मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास आणि अंकगणित शिकविलें. त्यामुळें सनावळीच्या मध्येंच एखादें उदाहरण फळ्यावर मांडण्याची माझी जुनी खोड श्रोत्यांनीं चालवून घ्यावी.

शीवहून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशीं गांवें ओवीत ठाण्याकडे जाणारा जो रस्ता आज लाल बहादूर शास्त्री मार्ग या नांवानें ओळखला जातो, त्याचें जुनें नांव आग्रा रोड. याच मार्गाच्या परिसरांत, कुर्ल्यास, प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं ही कंपनी १९४४ सालीं स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत त्यांनीं हात घातला, आणि त्यांपैकीं मोटारीचा धंदा उपनगराच्या वाट्यास आला.

मुंबईंत मोटारींची जुळणी त्यापूर्वींही होत असे. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें शिवडीस १९२८ सालीं असा कारखाना काढला होता. पण बाहेरून आलेले भाग येथें जोडणें निराळें आणि ते भाग येथेंच घडविणें निराळें. १९५३ सालीं सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, जे कारखानदार टप्प्याटप्प्यानें देशांतच भाग बनविण्याची योजना पुढें मांडतील, त्यांनींच हा धंदा चालवावा. जनरल मोटर्सनें १९५४ सालीं आपला येथील पसारा आवरला. फोर्ड कंपनीही गेली. मोटारी बनविणारे मुख्यतः तीन कारखाने उरले: बंगालमध्यें उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.

प्रीमियरनें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार केला होता. १९६४ सालापासून जी 'फियाट डिलाइट' निघूं लागली, तिलाच पुढें, १९७४ सालीं, चितोडच्या राणीचें नांव मिळून ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरच गिअरचा दांडा, आणि पुढें दोघांऐवजीं तिघे दाटीवाटीनें बसतील अशी सलग बैठक. नांव बदललें तरी गाडी फारशी बदलली नाहीं, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें हीच मोठी महत्त्वाची गोष्ट आहे. तिचें उत्पादन जवळजवळ शतकाच्या अखेरीपर्यंत चाललें. त्यामुळें १९६८ सालच्या गाडीस १९८८ सालचा कार्ब्युरेटर बसे, दार बसे, दिवा बसे. जुन्या वाड्याचा एकेक खांब बदलीत वाडा उभा ठेवावा, त्याप्रमाणें उपनगरांतील मिस्त्री ही गाडी उभी ठेवीत. इंजिन धूर ओकूं लागलें कीं सिलिंडर बोअर करावयाचे, नव्या रिंगा घालावयाच्या. पाटे बसले कीं पाटे बदलावयाचे. खरा शत्रु एकच होता, तो म्हणजे खारी हवा. पायाखालचा पत्रा सडे, आणि पावसाळ्यांत खालचें पाणी पायांवर उडूं लागलें म्हणजे मगच गृहस्थ डेंटिंगवाल्याकडे जाई.

ती बदलण्याचा विचार त्या काळीं कोणी करीत नसे, यास दुसरेंही कारण होतें. नवी गाडी मिळतच नसे. पैसे भरून नांव नोंदवावें आणि वर्षांनुवर्षें वाट पाहावी, असा तो काळ. १९५९ सालच्या नियंत्रण-हुकुमानें मोटारींचें वांटप सरकारच्या देखरेखीखालीं आलें होतें, आणि नवी गाडी घेणारास ती ठराविक मुदतीच्या आंत परवानगीवांचून विकतां येत नसे. असा निर्बंध कां घालावा लागला, हें समजण्यास फार विद्वत्ता नको. हातीं आलेली फियाट बाजारांत उभी केली तर सरकारी किमतीहून अधिक पैसा येई! १९६९ सालीं सरकारनें मोटारींच्या विक्रीच्या किमतीही हुकुमानें बांधल्या. त्यावर कारखानदार सर्वोच्च न्यायालयांत गेले व १९७१ सालीं त्या खटल्याचा निकाल लागला. त्या निकालपत्रावर प्रीमियर ऑटोमोबाईल्सचेंच नांव आहे. ज्या वस्तूची जुनी किंमत उतरत नाहीं आणि जिला नवी जोडीदारीण लवकर मिळत नाहीं, ती बदलावयाची कशासाठीं? गाडी बापाकडून मुलाकडे जाई. लग्नाच्या वरातींत तिला फुलांच्या माळा चढत, आणि त्याच गाडींतून चार-सहा वर्षांनीं बाळंतीण घरीं येई.

या व्यवस्थेचें कौतुक करणारे माझ्या वयाचे पुष्कळ लोक आहेत. मी त्यांतला नाहीं. टिकाऊपणा हा गुण खरा. पण जो टिकाऊपणा निरुपाय म्हणून अंगीं येतो, त्याचा गौरव किती करावा?

१४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या 'मारुति ८००' गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें ग्राहकाच्या हातीं पडली, आणि हें चित्र पालटलें. ७९६ घनसेंटिमीटरचें तें छोटें इंजिन पेट्रोल थोडें पीत असे व सकाळीं पहिल्याच किल्लीस सुरू होत असे. फियाटच्या मालकास हा चमत्कारच वाटला. १९९१ नंतर मोटारीच्या धंद्याचे निर्बंध क्रमाक्रमानें सैल झाले, नाना कंपन्या आल्या, कर्ज सुलभ झालें; आणि गाडी केव्हां बदलावी हा प्रश्न प्रथमच खरोखर गृहस्थाच्या हातीं आला. म्हणून आतां फळ्याकडे वळूं.

समजा, एका गृहस्थानें सहा लाखांस लहान मोटार घेतली. हे आंकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. बाजारभाव म्हणून ते कोणीं धरूं नयेत. पांच वर्षांनीं ती तीन लाखांस विकली, तर किमतीची घट वर्षास ६०,००० रुपये झाली. दहा वर्षें ठेवून सव्वा लाखास विकली तर घट वर्षास ४७,५०० रुपये. आणि पंधरा वर्षांनीं भंगाराचे ३०,००० आले तर वर्षास ३८,००० रुपये. आतां दुरुस्ती. ती पहिलीं पांच वर्षें दरसाल ८,०००, पुढचीं पांच १५,००० आणि त्यापुढचीं पांच ३०,००० रुपये धरूं. दोन्ही रकमा मिळवून सरासरी काढली, तर पांच वर्षें ठेवणारास वर्षास ६८,००० रुपये पडतात, दहा वर्षें ठेवणारास ५९,०००, आणि पंधरा वर्षें ठेवणारास सुमारें ५५,७००. लवकर बदलणारा बराच खर्च सोसतो, हें उघड आहे. पण दहा आणि पंधरा यांमधील अंतर किती थोडें, हेंही पाहावें. बाराव्या वर्षीं बदलावी कीं तेराव्या, यावरून घरांत जो वादविवाद माजतो, त्यांत पैशाच्या दृष्टीनें फारसें कांहीं नसतें.

दुसरें असें कीं, दहा वर्षांच्या गाडीचा निर्णय करतांना गेल्या दहा वर्षांचा खर्च पाहूंच नये. पुढचीं पांच वर्षें ती ठेवली तर घट वर्षास १९,००० आणि दुरुस्ती ३०,००० मिळून ४९,००० रुपये लागतील. नवी घेऊन दहा वर्षें वापरणारास ५९,००० लागतात. म्हणजे दुरुस्ती वर्षास ४०,००० च्या वर जाईपर्यंत जुनीच परवडते. "गेल्याच महिन्यांत क्लच प्लेट बदलली, आतां कशी विकूं?" असें म्हणणारे सद्गृहस्थ आमच्याही सोसायटींत आहेत. क्लच प्लेटचा पैसा गेला तो गेला; विचार पुढील महिन्याचा करावयाचा.

परंतु मुंबईचें हवापाणी फळ्यावर मावत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. मिठी नदीनें कुर्ला, कलिना भागांत रस्ते बुडविले, आणि सखल जागीं उभ्या असलेल्या गाड्या छतापर्यंत पाण्याखालीं गेल्या. पाण्यांत बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा हट्ट केला म्हणजे पाणी सिलिंडरांत शिरतें. तें दाबलें जात नसल्यामुळें आंतील दांडा वाकतो आणि इंजिन कायमचें निकामी होतें. विमा कंपनीच्या कोष्टकांत गाडीची किंमत दुसऱ्या वर्षीं २० टक्के, तिसऱ्या वर्षीं ३० टक्के, अशी उतरत जाऊन पांचव्या वर्षीं निम्म्यावर येते, आणि पांच वर्षांनंतर ती कंपनी व मालक यांच्या संमतीनें ठरते. जुन्या गाडीच्या मालकास हें शेवटचें कलम पुष्कळदां पूर ओसरल्यावरच वाचावयास मिळतें.

यापुढचा भाग न्यायालयाचा. १९९९ सालीं स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या संस्थेनें मुंबईच्या हवेंतील धुराविरुद्ध उच्च न्यायालयांत याचिका केली. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिती बसली, आणि जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर आणण्याचा किंवा रस्त्यावरून काढण्याचा मार्ग आंखला गेला. पुढें २००८ सालीं टॅक्सीस पंचवीस वर्षांची आणि २०१३ सालीं वीस वर्षांची वयोमर्यादा घातली गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी तारदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली होती. तिचीं वीस वर्षें पुरीं झालीं आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून नाहींशी झाली. निदान एक तरी टॅक्सी जतन करावी, अशी टॅक्सीचालकांच्या संघटनेनें सरकारकडे विनंती केली होती. ती फळास आली नाहीं.

येथें एक प्रश्न विचारावासा वाटतो. मोटारीचें वय वर्षांत मोजावें कीं किलोमीटरांत? टॅक्सी एका वर्षांत जितकी धांवते, तितकी निवृत्त मनुष्याची गाडी सात-आठ वर्षांतही धांवत नाहीं. वर्षांचें माप कच्चें खरें, परंतु तें फिरवितां येत नाहीं. किलोमीटरचा कांटा मागें फिरवितां येतो, आणि धुराचें प्रमाणपत्रही कोठें कोठें गाडी न पाहतांच मिळतें, अशी तक्रार आपण ऐकतों. ज्या चालकाची एकुलती एक टॅक्सी वयाच्या नियमानें गेली, त्याची रोजी गेली, हें विसरून चालणार नाहीं. त्याचबरोबर सिग्नलपाशीं तासन्तास उभ्या राहणाऱ्या हवालदाराचीं फुप्फुसेंही कोणीतरी मोजलीं पाहिजेत. माझा कौल, थोड्या नाखुशीनें, नियमाच्या बाजूस आहे.

खासगी गाडीस मुंबईंत अशी सरसकट वयोमर्यादा लागलेली नाहीं. दिल्लींत २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जो निर्बंध कायम केला, तो तेथील प्रदेशापुरता होता. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, आणि मग गाडी तपासून पांच पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते. ही वाढ पूर्वीं ६०० रुपयांत होई. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीस ५,००० रुपये शुल्क झालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारीसाठीं तें १०,००० करण्यांत आलें. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. सरकार गाडी ओढून नेत नाहीं; तें फक्त ती ठेवणें महाग करतें.

कारखानदार निघून गेला तर मात्र गाडी वयाआधींच म्हातारी होते. जनरल मोटर्स गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुन्हा आली, आणि २०१७ सालीं तिनें येथील विक्री पुन्हा थांबविली. फोर्डनें २०२१ सालीं येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. १९५४ सालच्या गाडीचा भाग हुशार मिस्त्री लेथवर घडवून देई. आजच्या गाडींतील विजेच्या यंत्रणेची पेटी त्याला घडवितां येत नाहीं. तो ती शोधून आणतो, आणि शोधतो बहुधा कुर्ला-कलिन्याच्या सी. एस. टी. रोडवर, मोडलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत.

आणखी एक पर्याय अलीकडे उपनगरवासीयांपुढें आला आहे. वर्सोव्याहून अंधेरीमार्गें घाटकोपरास जाणारी मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली; दहिसर व अंधेरी यांस जोडणाऱ्या दोन मार्गांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्यें आणि उरलेला जानेवारी २०२३ मध्यें खुला झाला. त्यामुळें जुनी विकून नवी न घेणारींही कांहीं घरें आतां दिसूं लागलीं आहेत. जुनी गाडी मोडावयाची ठरल्यास २०२१ च्या धोरणाप्रमाणें ती नोंदणीकृत केंद्रांतच द्यावी व तेथील प्रमाणपत्र जपून ठेवावें; नव्या खासगी गाडीच्या करांत त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे.

कुर्ल्यास प्रीमियरच्या कारखान्याच्या जमिनीवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. त्या भागांत प्रीमियर रोड हें नांव मात्र अजून चालू आहे, आणि विद्याविहारकडून कुर्ल्याकडे जाणारा रिक्षावाला तें नांव सांगतांच मीटर पाडतो.