नेरळ-माथेरान गिरिरेल्वे : वाफेचे युग आणि वारशाचा प्रश्न

प्रस्तावना

दार्जिलिंग (१८८१) आणि कालका-सिमला (१९०३) या पर्वतीय रेल्वेमार्गांमागे युरोपीय प्रवर्तकांच्या कंपन्या होत्या. १९०७ मध्ये सुरू झालेला नेरळ-माथेरान मार्ग मात्र मुंबईतील एका दाऊदी बोहरा व्यापारी घराण्याच्या भांडवलावर उभा राहिला. असे असूनही प्रादेशिक इतिहासलेखनात त्याची नोंद बहुधा 'माथेरानची राणी' अशा कौतुकापलीकडे जात नाही. या मार्गाचे ऐतिहासिक मूल्य नेमके कशात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मिती

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा डोंगर पाहिला आणि तेथे गिरिस्थान वसू लागले. पुढे अर्धशतक प्रवासी घाट पायी, घोड्यावरून किंवा पालखीतून चढत. सर आदमजी पीरभॉय यांनी सुमारे १६ लाख रुपये पुरविले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले. २२ मार्च १९०७ रोजी वाहतूक सुरू झाली. दोन फूट रुंदीचा हा मार्ग सुमारे २१ किलोमीटरमध्ये सातशे मीटरांहून अधिक उंची गाठतो. काही ठिकाणी चढ वीस फुटांस एक फूट इतका आहे.

वाफेची तंत्रविद्या

दार्जिलिंग मार्गावर तीव्र चढासाठी गाडी मागेपुढे नेणाऱ्या झिगझॅगचा अवलंब झाला. माथेरानमध्ये डोंगराच्या उतारास अनुसरून अखंड वळणे घेण्यात आली. अशा वळणांवर ताठ आसांचे इंजिन रुळांना घासत राहते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून घेतलेल्या चार इंजिनांत या अडचणीवर उपाय होता. त्यांच्या पहिल्या व शेवटच्या आसाभोवती पोकळ आस बसविलेला असे. मध्यभागी गोल सांधा असल्याने हा पोकळ आस चाकांसह वळणानुसार वळू शके. उतरणीवर डब्यांमधील ब्रेकमन चालकाच्या शिटीच्या इशाऱ्यावर हातब्रेक लावत. सारांश, प्रवाशाला जो निसर्गसहलीचा आनंद वाटे, तो यंत्र आणि मनुष्यश्रम यांच्या काटेकोर मेळावर अवलंबून होता.

स्थित्यंतर

१९८२ च्या सुमारास नियमित सेवेतून वाफेची इंजिने निवृत्त होऊन डिझेल इंजिने आली. दार्जिलिंगमध्ये वाफेची इंजिने आजही धावतात. त्या मार्गास १९९९ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यानंतर निलगिरी (२००५) आणि कालका-सिमला (२००८) यांचा समावेश झाला. माथेरान मात्र संभाव्य यादीतच राहिले. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त झाला व तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात त्याची पुन्हा हानी झाली आणि नेरळहून माथेरानपर्यंतची सेवा थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली.

निष्कर्ष

वारसा म्हणजे केवळ जुने इंजिन, अशी व्याख्या स्वीकारल्यास माथेरानचा वारसा वाफेबरोबरच संपला असे म्हणावे लागेल. वास्तविक त्या इंजिनांची घडण ज्या वळणांमुळे ठरली, ती वळणे आजही वापरात आहेत. म्हणून मार्गाची मूळ आखणी, बांधीव भिंती, पाण्याचा निचरा आणि देखभाल करणाऱ्या कामगारांचे पिढीजात ज्ञान यांनाच वारशाचा गाभा मानणे आवश्यक आहे. इंजिन संग्रहालयात जतन करता येते. दरडीखाली गेलेली आखणी मात्र तेथे ठेवता येत नाही.